वयाच्या खात्यावर टाकलेले बहिरेपण

शरीरावर अकस्मात येणाऱ्या काही आघातांची घरात तत्काळ दखल घेतली जाते. छातीत कळ आली, अर्ध्या अंगावरून वारे गेले, किंवा एकाएकी डोळ्यांपुढे काळोख दाटला, की शेजारीपाजारी धावतात, वाहनाची तजवीज होते आणि अपरात्री का होईना, डॉक्टरांचे दार ठोठावले जाते. एका कानाची श्रवणशक्ती रात्रीतून नाहीशी झाली तर मात्र यातले काहीच घडत नाही. आणि ती साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाची असेल, तर असे काही घडले आहे हे मान्य करण्यासही घरातल्या मंडळींना कित्येक दिवस लागतात. सकाळी उठल्यावर कानाला दडे बसल्यासारखे वाटते, आत अखंड नाद चालू राहतो, क्वचित उभे राहताच घेरी येते, मग कोणी कोमट तेलाचे थेंब घालते, कोणी औषधाच्या दुकानातून मळ सुटण्याचे औषध आणते, कोणी वाफारा घ्यायला सांगते, आणि पंधरवडा उलटूनही फरक पडला नाही म्हणजे मुलगा समजुतीच्या स्वरात म्हणतो, "बाबा, आता वय झालं, थोडं कमी ऐकू येणारच." या वाक्यात माया आहे, दुष्टावा मुळीच नाही, तथापि याच वाक्यापायी उपचारांची मुदत टळते, आणि ज्या कानाला कदाचित काही आशा होती त्या कानाची फाइल न उघडताच दप्तरदाखल होते. म्हणून हा विषय वैद्यकीय नियतकालिकांच्या पानांतून बाहेर काढून सर्वसामान्य वाचकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

ज्या विकाराविषयी मी लिहीत आहे तो वार्धक्यातील बहिरेपणाहून सर्वस्वी भिन्न आहे. वार्धक्यातील बहिरेपण दोन्ही कानांत, बहुधा सारख्याच प्रमाणात, आणि वर्षानुवर्षांच्या संथ गतीने येते. आकस्मिक बहिरेपण बहुतेक वेळा एकाच कानावर आणि फार तर तीन दिवसांच्या अवधीत कोसळते. वैद्यकशास्त्राने त्याची रूढ केलेली व्याख्या अशी की, श्रवणमापनाच्या आलेखात लागोपाठच्या तीन कंप्रतांवर किमान ३० डेसिबलची घट ७२ तासांच्या आत झालेली असावी, आणि तिचे मूळ बाह्य वा मध्य कर्णात नसून अंतर्कर्णात किंवा श्रवणाच्या मज्जातंतूत असावे. डच वैद्य डी क्लाइन यांनी १९४४ साली अशा रुग्णांची व्यवस्थित नोंद प्रसिद्ध केली, त्याला आता ८० वर्षे उलटून गेली. तरीही आजमितीस दहांपैकी जवळजवळ नऊ रुग्णांच्या बाबतीत या आघाताचे निश्चित कारण सापडत नाही. विषाणूंचा संसर्ग, अंतर्कर्णाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळा, प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ऊतींवर केलेला हल्ला, असे तर्क मांडले जातात. अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी ५ ते २७ जणांना हा विकार होतो असा अंदाज आहे. प्रख्यात पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी विमानातून उतरताना आपल्याला काहीच ऐकू येत नसल्याचे एकाएकी ध्यानात आले, असे जून २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा त्या ५८ वर्षांच्या होत्या. त्या निवेदनानंतर आपल्याकडे चर्चा झाली ती मुख्यतः मोठ्या आवाजाच्या आणि हेडफोनच्या धोक्याची. अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी काय करावे, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला.

आता वयाचा मुद्दा. या विकारातून बरे होण्याच्या संभाव्यतेवर वयाचा परिणाम होतो, हे नाकारण्याचा माझा हेतू नाही. 'लॅरिंगोस्कोप' या अमेरिकी नियतकालिकात १९८४ साली २२५ रुग्णांच्या आठ वर्षांच्या अनुभवावर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्यात भाकितासाठी जी कोष्टके दिली गेली त्यांचा हवाला पुढे अनेकांनी घेतला. त्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की, ६० वर्षांवरील रुग्णांत सुधारणेचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी आढळते. परंतु याच वाक्यात आणखी एक गोष्ट होती, जिचा उच्चार मात्र सहसा होत नाही: १५ वर्षांखालील मुलांतही ते प्रमाण तितकेच निराशाजनक होते. म्हणजे वय वाढत जाईल तसतशी आशा मावळत जाते, अशी ही सरळ उतरती रेषा नव्हे. ती दोन्ही टोकांना वाकलेली आहे. बालकांच्या बाबतीत गालगुंडासारख्या निराळ्या कारणांचा वाटा आहे हे खरे, पण त्याचबरोबर एका कानाने ऐकू येत नाही हे लहान मूल आपणहून सांगत नाही, आणि ते कोणाच्या ध्यानात येईपर्यंत पुष्कळ काळ लोटतो, हेही तितकेच खरे. जीवनाच्या दोन्ही टोकांवरची माणसे आपल्या तक्रारीसाठी दुसऱ्या कोणावर तरी अवलंबून असतात. आणि कोष्टकातील वयाच्या आकड्यामागे हे परावलंबन किती दडले आहे, याचा विचार केल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लावणे मला धोक्याचे वाटते.

वयाचा जो वाटा शरीरधर्मातून येतो तो आधी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अंतर्कर्णातील कॉक्लिया नामक शंखाकृती अवयवात सुमारे १५,००० केशपेशी असतात, त्यांपैकी सुमारे साडेतीन हजारच मेंदूकडे ध्वनीचा संदेश पोहोचवण्याचे मुख्य काम करतात, आणि एकदा नष्ट झालेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांमध्ये ती उगवते, हे १९८८ साली सिद्ध झाले, आणि तेव्हापासून तशीच किमया सस्तन प्राण्यांत घडवून आणण्याचे संशोधन अव्याहत चालू आहे. पण ते अद्याप रुग्णाच्या उपयोगी पडण्याइतके परिपक्व झालेले नाही. कॉक्लियाच्या भिंतीत रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पट्टी असते, जी आतील द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युद्दाब अहोरात्र राखते, आणि त्या दाबाखेरीज केशपेशी शाबूत असूनही मुक्या राहतात. या साऱ्या यंत्रणेला रक्त पुरवणारी रोहिणी ही अंत्य रोहिणी आहे, म्हणजे तिला पर्यायी शाखा नाही. डोंगरातल्या वस्तीला बाहेर पडण्याची एकच वाट असावी आणि ती खचताच धान्य-पाणी थांबावे, तशी तिची स्थिती आहे. उतारवयात मधुमेहाने, रक्तदाबाने आणि रक्तवाहिन्यांच्या काठिण्याने हीच वाट अरुंद झालेली असते. शिवाय उच्च स्वर टिपणाऱ्या केशपेशी शंखाच्या मुळाशी असतात व खर्ज टिपणाऱ्या टोकाशी. वार्धक्य आपला अंमल मुळापासून बसवू लागते, आणि आकस्मिक आघातानंतरही उच्च स्वरांचीच हानी सहसा सर्वांत कमी भरून निघते. तेव्हा सत्तरीतील मनुष्याच्या कानाला तिशीतल्या कानाइतकी राखीव शक्ती नसते, हे मान्य करावेच लागते.

एवढे मान्य केल्यावर मात्र मोजमापाचा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते या साऱ्या वादाचे मर्म तिथेच आहे. बरे होणे कशाला म्हणायचे? सीगल यांनी १९७५ साली घालून दिलेले निकष असंख्य अभ्यासांत वापरले गेले आहेत. त्यांनुसार उपचाराअंती श्रवणमर्यादा २५ डेसिबलपेक्षा चांगली असेल तर ती पूर्ण सुधारणा. १५ डेसिबलहून अधिक लाभ होऊन ती २५ ते ४५ डेसिबलच्या दरम्यान आली तर आंशिक सुधारणा. तेवढाच लाभ होऊनही ती ४५ डेसिबलपेक्षा वाईट राहिली तर अल्प सुधारणा. आणि लाभ त्याहून कमी असेल तर सुधारणा नाही. आता बहात्तर वर्षांचे एखादे गृहस्थ डोळ्यांपुढे आणावेत, ज्यांची श्रवणमर्यादा आघातापूर्वीच वयोमानाने ५० डेसिबलवर आलेली होती. आघाताने ती ९० वर गेली, उपचारांनी ती पुन्हा ५० वर आली, म्हणजे जेवढे गेले होते तेवढे सगळेच्या सगळे परत मिळाले, ते पूर्वीसारखे वर्तमानपत्र वाचत रेडिओवरील बातम्या ऐकू लागले. तरीसुद्धा या निकषांच्या दप्तरी त्यांची नोंद अल्प सुधारणा अशीच होते. याउलट तिशीतल्या एखाद्या तरुणाचे मूळचे १० डेसिबलवरचे ऐकणे २० वर येऊन थांबले, म्हणजे त्याची थोडीशी हानी कायम राहिली, तरी तो पूर्णपणे बरा झालेल्यांच्या यादीत जाऊन बसतो. अशा मापाने मोजल्यावर वृद्ध कमी प्रमाणात बरे होतात असा निष्कर्ष निघाला तर त्यात नवल ते काय? मोजपट्टीच तरुणांच्या कानावरून आखलेली आहे. अलीकडे अमेरिकी कर्णतज्ज्ञांच्या संस्थेने रुग्णाचा दुसरा, निरोगी कान हाच प्रमाण मानण्याची शिफारस केली आहे, आणि ती न्याय्य आहे. पण जुन्या मोजपट्टीने काढलेले निष्कर्ष अजून पाठ्यपुस्तकांत आणि डॉक्टरांच्या स्मरणात ठाण मांडून आहेत, आणि खेदाची गोष्ट ही की रुग्णाशी बोलताना तेच प्रथम ओठांवर येतात.

मोजमापातील हा दोष दूर केल्यावरही वयाचा काही वाटा शिल्लक उरतो, हे मी वर म्हटलेच आहे. परंतु उरलेल्या वाट्यातही दिरंगाईचा हिस्सा मोठा असावा असे मानण्यास आधार आहे. अमेरिकी संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या आणि २०१९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे स्टेरॉइडचा उपचार द्यायचा तर तो लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत सुरू करायचा असतो, आणि त्याने पुरेसा गुण आला नाही तर कानाच्या पडद्यातून सुईने औषध आत सोडण्याचा मार्ग दोन ते सहा आठवड्यांपर्यंत सुचवला जातो. जो रुग्ण तेलाचे थेंब घालत दोन महिने घरीच बसला त्याच्यासाठी यांतला एकही दरवाजा उघडा राहत नाही. इथे एक सावधगिरी बाळगणे मात्र शास्त्राशी प्रामाणिक राहण्यासाठी आवश्यक आहे. या विकारात एक तृतीयांश ते दोन तृतीयांश रुग्णांना काहीही उपचार न होता कमीअधिक सुधारणा होते, आणि ती बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच होते. तेव्हा पहिल्याच दिवशी येणाऱ्या रुग्णांत आपोआप बरे होणारेही पुष्कळ असतात, तर महिन्याने येणाऱ्यांत फक्त न सुधारलेलेच उरतात, आणि यामुळे लवकर आलेल्यांचे आकडे वाजवीपेक्षा अधिक उजळ दिसतात. पण यावरून थांबून वाट पाहावी असा अर्थ कोणी काढील तर तो घातक ठरेल. कारण आपण आपोआप बरे होणाऱ्यांपैकी आहोत की नाही, हे कोणत्याही रुग्णाला आधी कळण्याची सोय नाही, आणि ते कळेपर्यंत मुदत संपून गेलेली असते.

स्टेरॉइडविषयीही भाबडा विश्वास बाळगून चालणार नाही. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगात स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के रुग्ण सुधारले, आणि त्यावर या उपचाराची प्रतिष्ठा उभी राहिली. पुढील अभ्यासांनी ती तितकी निर्विवाद ठेवली नाही, आणि जर्मनीत झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्टेरॉइडची मात्रा पुष्कळ वाढवूनही अधिक लाभ होत नसल्याचे आढळले. तरीसुद्धा गमावण्यासारखे इतके असताना आणि दुसरा अधिक भरवशाचा उपाय हाताशी नसताना, हा उपचार करावा की नाही याचा निर्णय रुग्णाला सर्व माहिती देऊन, त्याच्या संमतीने घ्यावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय. वृद्धांच्या बाबतीत इथे आणखी एक अडसर येतो. स्टेरॉइडने रक्तातील साखर चढते, रक्तदाब वाढतो, झोप उडते. म्हणून मधुमेही आजोबांना ते देण्यास डॉक्टर कचरतात, आणि त्यांचे कचरणे अनाठायी नसते. पण यावर तोड आहे. २५० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पडद्यातून थेट कानात सोडलेले स्टेरॉइड पोटात घेतलेल्या स्टेरॉइडपेक्षा उणे ठरले नाही. ज्याची साखर अनियंत्रित आहे त्याला हा मार्ग मोकळा असतो. म्हणून मधुमेहाचे कारण पुढे करून वृद्धाला रिकाम्या हाताने परत पाठवणे आता समर्थनीय राहिलेले नाही.

आणखी एका कारणासाठी वृद्धाच्या आकस्मिक बहिरेपणाकडे अधिक तत्परतेने पाहिले पाहिजे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीचीच एक शाखा कानाकडे जाते; त्यामुळे बहिरेपणाबरोबर तोल जाणे, बोलणे अडखळणे, दोन-दोन दिसणे, चेहरा एका बाजूला ओढला जाणे यांपैकी काही घडले तर तो पक्षाघाताचा आरंभ असू शकतो, आणि तिथे हिशेब दिवसांचा नव्हे, तासांचा करायचा असतो. असे असूनही सत्तरीच्या माणसाला चक्कर आली म्हणजे ती अशक्तपणाने आली असे ठरवून त्याला लिंबू-सरबत पाजण्याचीच आपली रीत आहे.

मग प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमके काय हवे? श्रवणमापनाचे यंत्र आणि ध्वनिरोधक खोली प्रत्येक केंद्रात होणे नाही, हे मी जाणतो. पण ५१२ हर्ट्झचा नादकाटा काही शे रुपयांत मिळतो, आणि एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यांच्या नावाने रूढ झालेली परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. काटा वाजवून कपाळाच्या मध्यभागी टेकवावा. आवाज बिघडलेल्या कानात मोठा ऐकू आला तर दोष मळाचा किंवा पडद्यामागील द्रवाचा असण्याची शक्यता अधिक, आणि चांगल्या कानाकडे गेला तर अंतर्कर्णाचा संशय धरून रुग्णाला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धाडावे. नादकाटा नसेल तर ओठ मिटून खालच्या सुरात गुणगुणायला सांगितले तरी हाच भेद बराचसा कळून येतो, आणि हे घरीही करता येते, अर्थात तज्ज्ञाच्या तपासणीला पर्याय म्हणून नव्हे. या साध्या परीक्षेचे शिक्षण आशा कार्यकर्त्यांना देण्यास कोणता मोठा खर्च येणार आहे? बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ साली २५ जिल्ह्यांत सुरू झाला, पण आकस्मिक बहिरेपण ही तातडीची बाब आहे ही जाणीव गावोगावी पोहोचल्याचे दिसत नाही. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सामावून घेतले गेले, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. परंतु ती योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे, आणि हा विकार बाह्यरुग्ण विभागात पाहिला जाणारा असल्याने तपासणीचा भार कुटुंबावरच पडतो. शासनाने निदान श्रवणमापनापुरता तरी यात अपवाद करावा.

माझी दुसरी सूचना मोजमापाच्या प्रश्नातून निघते. वृद्धाच्या आघातापूर्वीच्या श्रवणाची नोंद जवळपास कधीच उपलब्ध नसते, आणि म्हणून काय गेले व काय परत आले याचा हिशेबच लागत नाही. निवृत्तिवेतनधारकांना दर वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. साठाव्या वर्षी, आणि पुढे दर पाच वर्षांनी, त्याच सुमारास श्रवणमापनाचा एक आलेख काढून तो त्यांच्या हाती दिला, तर डॉक्टरांना तुलनेसाठी आधार मिळेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या कानाचीही कोठेतरी दखल आहे हे त्या माणसाला कळेल. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणतज्ज्ञ घडवते. त्यांतील काहींच्या नेमणुका उपजिल्हा रुग्णालयांत झाल्या तर हे काम अशक्य कोटीतले नाही.

सर्व उपचार वेळेवर होऊनही ज्यांचे ऐकणे परत येत नाही, अशांची संख्या थोडी नाही, आणि त्यांत वृद्ध अधिक असतात. त्यांच्याशी "दुसरा कान चांगला आहे ना, मग झालं" असे बोलणे क्रूरपणाचे आहे. एका कानाने आवाज कोणत्या दिशेने आला हे कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना मागून येणाऱ्या वाहनाची भीती वाटते. लग्नसमारंभाच्या गलबल्यात शेजारच्याचे बोलणे विरून जाते, म्हणून माणूस समारंभांना जाणेच सोडतो. आणि 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने २०१७ पासून वेळोवेळी दिलेल्या अहवालांत श्रवणहानीला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ठळक स्थान दिले आहे. तेव्हा आघातानंतर सहा महिन्यांच्या आत फेरतपासणी होऊन श्रवणयंत्राचा, बहिऱ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पोहोचवणाऱ्या यंत्राचा, आणि काहींच्या बाबतीत कॉक्लियर इम्प्लांटचाही विचार झाला पाहिजे. वय हे त्याच्या आड येण्याचे कारण नव्हे, रुग्णाची प्रकृती व इच्छा हीच तिथे पाहायची असते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून श्रवणयंत्रे विनामूल्य मिळतात. मात्र यंत्र हाती पडल्याने काम संपत नाही. ते त्या विशिष्ट कानाला जुळवून देणारा, पहिल्या महिन्यातल्या कर्कश आवाजाच्या तक्रारी ऐकून घेऊन पुन्हा पुन्हा दुरुस्त करून देणारा श्रवणतज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तरी बसला पाहिजे, आणि तो दिवस कोणता, याची पाटी दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे.